अकरा चाळीसची रेघ

माणसाचं थकलेलं हृदय काढून त्या जागी दुसऱ्याचं बसवतात, तेव्हा काढलेल्याचं पुढे काय होतं हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. सगळ्यांचं लक्ष नव्याकडे असतं. त्या इस्पितळात जुनं हृदय बर्फाच्या डब्यातून चौथ्या मजल्यावर जायचं, आणि तिथे मोजणीताई ते ताब्यात घ्यायच्या.

ताई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: हृदयाचा स्नायू किती जोरात आवळतो ते मोजायचं. अख्खं हृदय नव्हे. यंत्राने त्याच्या भिंतीतून नखाएवढा काप काढायचा, तीन-चार कागद एकावर एक ठेवले तर होईल एवढ्या जाडीचा. त्याची दोन टोकं प्लास्टिकच्या बारीक त्रिकोणांना चिकटवायची. एक टोक पक्क्या खुंटीला, दुसरं स्प्रिंगच्या तारेला. मग तो काचेच्या झाकणाखाली, अंगाएवढ्या ऊबेत, गुलाबी पाण्यात ठेवायचा आणि दर दोन सेकंदांनी विजेचा हलका झटका द्यायचा. काप आवळला की तार वाकते. किती वाकली यावरून जोर कळतो आणि पडद्यावर रेघ उमटत जाते. टेकडी, सपाटी, टेकडी, सपाटी. डोळ्यांत तेल घालून सांभाळला तर असा काप दोन-अडीच महिनेसुद्धा जगतो.

नमुन्यावर माणसाचं नाव नसायचं, नंबर असायचा. "नाव कळलं की हात थरथरतो," असं ताई नव्याने कामाला लागणाऱ्यांना बजावायच्या. पण एकशे बारा नंबरचा डबा आला त्या दिवशी नंबराचा काहीच उपयोग नव्हता. त्या सकाळी कुणाला टेबलावर घेतलंय हे दारावरच्या पहारेकऱ्यापासून कँटीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ते लिफ्टभाऊ होते.

लिफ्टभाऊ म्हणजे इमारतीच्या चारही लिफ्ट सांभाळणारे मेकॅनिक. बावन्न वर्षांचे, बोलायला मोकळे. ताई एकदा दोन मजल्यांच्या मध्ये पाऊण तास अडकल्या होत्या, तेव्हा त्यांनी दाराच्या फटीतून विचारलं होतं, "ताई, आत एकट्याच ना? मग बरं, भांडण तरी होणार नाही." गेली दोन वर्षं ते चार पायऱ्या चढले की कठड्याला धरून उभे राहायचे. मग बोलताना मध्येच श्वास घ्यायला लागले. मग दिसेनासे झाले, आणि हृदय मिळण्याची वाट बघणाऱ्यांच्या यादीत गेले.

डबा उघडताना ताईंचा हात थरथरला नाही. मात्र त्यांनी डब्याच्या आत बघून हलकेच म्हटलं, "या भाऊ." असं त्या आजवर कुणालाच म्हणाल्या नव्हत्या.

त्या हृदयातून सहा काप निघाले. पाच आठवड्याभरात गेले. सहावा टिकला.

*

चोविसाव्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई स्वतः दार उघडून आत आल्या. हा सगळा विभाग त्यांचा. कमी बोलणाऱ्या, आणि जे बोलतील ते पाळणाऱ्या. त्यांच्यामागे तोंडाला मास्क, अंगात दोन माप मोठा सदरा, हातात काठी, असे लिफ्टभाऊ.

"यांना बघायचंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दहा मिनिटं. कशाला हात लावायचा नाही."

"ताई," लिफ्टभाऊ म्हणाले, "माझं सामान तुमच्याकडे ठेवलंय म्हणे."

ताईंना हसावं की नाही कळेना. त्यांनी खुर्ची सरकवली. "वहिनी नाही आल्या?"

"बाहेर बाकावर बसलीये. म्हणते, मला नाही बघवणार. तुमचं तुम्ही बघून या."

ताईंनी काचेवरचा दिवा लावला. लिफ्टभाऊ काठीवर भार देऊन वाकले. पाण्यात एक फिकट तपकिरी चिंधी. दर दोन सेकंदांनी ती आखडायची, तार किंचित झुकायची, मग दोन्ही सैल.

"ही? एवढीशी?"

"एवढीशीच."

"किती वजन ओढते?"

"तांदळाच्या दहाएक दाण्यांइतकं."

"आणि मी जन्मभर लिफ्टमध्ये पाट्या लावत आलो. आठ माणसं, पाचशे चाळीस किलो." ते मास्कच्या आत हसले. बराच वेळ बघत राहिले. "पण ताई, हे तर ओढतंय. चांगलं ओढतंय. मग काढलं कशाला?"

ताईंनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांगा म्हणून.

"हळू चालवलं की चांगलं ओढतं, भाऊ. धडधाकट माणसाच्या कापाइतकंच. पण वेग वाढवला की फरक दिसतो. निरोगी काप वेग वाढला की आणखी जोरात आवळतो. हा मात्र ढिला पडत जातो."

"म्हणजे घाई झाली की हातपाय गाळायचा."

"तसंच म्हणा."

"मला वाटायचं मीच आळशी झालो." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "नवीन आहे ना, तो जोरदार आहे. पण माझ्याशी त्याची ओळख नाही झालेली. परवा जिन्यात पाय घसरला. मी घाबरलो, घाम फुटला, आणि हा आपला शांत. दोन-तीन मिनिटांनी धडधडायला लागला. तोवर माझी भीती संपलेली. पाहुणा कसा उशिरा हसतो विनोदाला, तसं."

"तसं होतं सुरुवातीला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याच्या नसा जोडलेल्या नसतात. सवय होईल."

लिफ्टभाऊंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते काचेवर इतके वाकले की मास्कमधून येणाऱ्या श्वासाने काच धुरकटली. हळूच म्हणाले, "काय रे." जुना मित्र रस्त्यात भेटावा तसं. चिंधी आखडली, सैल झाली. ते निघताना ताईंना म्हणाले, "याला माझी आठवण असेल का हो?"

"आठवण मेंदूत असते, भाऊ."

"हां. ते आहेच," ते म्हणाले, आणि काठी टेकत गेले.

*

त्यानंतर एकोणीस दिवसांनी लिफ्टभाऊ गेले. फुप्फुसात जंतू शिरले आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी कुणीतरी हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता: आज सकाळी अकरा चाळीसला आपले लिफ्टभाऊ आपल्याला सोडून गेले. ताईंनी तो कागद जेवणाच्या सुट्टीत वाचला. त्या वर आल्या, जेवणाचा डबा न उघडताच कपाटात ठेवला आणि यंत्रापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

काप चालू होता.

चालू असणारच होता. झटका यंत्र देत होतं, ऊब यंत्र देत होतं, पाणी ताई स्वतः बदलत होत्या. माणूस असण्या-नसण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. वीस वर्षं ज्यांनी हे इतरांना समजावलं, त्याच ताईंनी खुर्ची ओढली आणि साठवलेली नोंद मागे नेली. अकरा पस्तीस. अकरा अडतीस. अकरा चाळीस. त्यांनी त्या मिनिटाच्या तिसही टेकड्या एकेक करून मोठ्या करून पाहिल्या. मग अकरा एकेचाळीसच्या पाहिल्या, मग बेचाळीसच्या.

केसाएवढाही फरक नव्हता. सगळ्या टेकड्या एका साच्यातून काढल्यासारख्या सारख्या.

काहीतरी दिसलं असतं तर ताई एवढ्या घाबरल्या नसत्या. तीन मजले खाली माणूस श्वास सोडतो आणि बावन्न वर्षं त्याच्या छातीत राबलेलं मांस, त्याला काही कळतच नाही. कुणी निरोपच दिला नाही त्याला.

त्या दिवसापासून ती खोली त्यांना परकी वाटायला लागली. खोली तशी उजेडाची, दोन मोठ्या खिडक्यांची, भर दुपारी ऊन थेट टेबलापर्यंत येणारी. पण आत पाऊल टाकताना ताई श्वास रोखून धरायच्या. पाठ करून बसल्या की मागे कुणीतरी उभं राहून वाट बघतंय असं वाटायचं. त्यांनी पडदा भिंतीकडे वळवून ठेवला. एकदा पाणी बदलताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "झालं हं भाऊ, दोन मिनिटं," आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्या बाहेर जिन्यात जाऊन बसल्या.

घरी त्या थोरल्या बहिणीबरोबर राहत. थोरली कोर्टात टायपिस्ट होती, आता निवृत्त. माणसं शपथेवर काय काय बोलतात ते तिने पस्तीस वर्षं टाईप केलं होतं, त्यामुळे तिला कशाचंच नवल वाटत नसे.

"बंद करून टाक ना मग," थोरली म्हणाली.

"पंचाहत्तर दिवस चालवायचं ठरलंय. मध्येच बंद केलं तर सगळी मोजणी वाया."

"मग चालव."

"अगं, पण तो माणूस मेलाय."

"मग मेलेल्या माणसाचं मांस मोजतेयस. इतकी वर्षं काय करत होतीस, भाजी तोलत होतीस?" असं म्हणून थोरलीने चहाचा कप पुढे केला. तिच्या परीने ती धीरच देत होती.

*

भाऊ गेल्यावर नवव्या दिवशी वहिनी आल्या. ताईंनी त्यांना आजवर लांबूनच पाहिलं होतं. इस्पितळामागच्या गल्लीत त्यांचं कपडे बसते करून देण्याचं दुकान होतं. आखूड करायचं, सैल करायचं, चेन बदलायची. ठेंगण्या बाई, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली.

"डॉक्टरबाईंनी सही घेतली कागदावर," त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "म्हणाल्या, एक तुकडा अजून वर आहे. चालू आहे. खरंय का?"

"खरंय, वहिनी."

"तेव्हा बघायला आले नाही मी. भीती वाटली. आता कशाची वाटणार?"

ताईंनी दिवा लावला. वहिनी काचेपाशी आल्या आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या, दुकानातल्या काचसामानापाशी उभं राहावं तशा. पाच मिनिटं तारेकडे बघत होत्या. रडल्या नाहीत. मग विचारलं, "हे सगळं लिहून ठेवतं का यंत्र? वेळेसकट?"

"हो."

"ते गेले तेव्हा... अकरा चाळीसला... याला काही झालं का?"

ताईंना उत्तर माहीत होतं. त्यांनी तिसही टेकड्या पाहिल्या होत्या. पण समोरची बाई त्यांच्या तोंडाकडेच बघत होती. "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"अडखळलं जरा."

"अडखळलं?"

"हो. क्षणभर. मग पुन्हा लागलं चालायला."

वहिनींनी डोळे मिटले. मोजपट्टीची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. मी बाहेर होते हो. नर्सने बाहेर काढलं होतं मला. शेवटी जवळ कुणीच नव्हतं म्हणून माझा जीव जात होता. म्हणजे कुणीतरी होतं."

ताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना आपण काही वाईट केलंय असं वाटलंच नाही. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांना त्या खोलीत मोकळा श्वास घेता आला.

पण खोट्याला पाय नसतात म्हणतात ते काही खरं नाही. पुढच्या गुरुवारी वहिनी पुन्हा आल्या, सोबत दिरांना घेऊन. दिरांनी काचेला नमस्कार केला. वहिनी म्हणाल्या, "ताई, यांना सांगा ना, त्या वेळी कसं झालं." ताईंनी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यात भर पडली. आधी जरा मंदावलं, मग थांबल्यासारखं झालं, मग हळूहळू पूर्वपदावर आलं. दीर मान डोलावत होते. जाताना वहिनी काचेजवळ वाकून पुटपुटल्या, "येते हं." ताईंनी ते ऐकलं आणि काचेवरचा दिवा मालवला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी वहिनी एकट्या आल्या. "ताई, एक मागू? तो जो कागद असतो ना, रेघांचा. त्या वेळचा मला द्याल? फक्त तेवढाच तुकडा. माझ्यापाशी ठेवेन."

"तसं देता येत नाही, वहिनी."

"मी कुणाला दाखवणार नाही."

ताई तेव्हाच खरं बोलू शकल्या असत्या. तसं त्या नंतर थोरलीला म्हणाल्यासुद्धा. पण त्यांनी मान खाली घातली आणि म्हटलं, "उद्या या."

त्या दुपारी त्यांनी नोंदींमधून सव्विसावा दिवस काढला. त्या दिवशी पाणी बदललं होतं. पाणी बदलताना काप थोडा वेळ उघडा पडतो, थंडावतो. टेकड्या बुटक्या होतात, मध्ये सपाटी येते, आणि ऊब मिळाली की पुन्हा वाढत जातात. बघणाऱ्याला वाटावं, कुणी ठेच लागून पडलं आणि उठून चालू लागलं. ताईंनी तो भाग छापला. वरच्या कडेला तारीख आणि वेळ होती. त्यांनी कात्री घेतली आणि ती पट्टी सरळ कापून टाकली.

वीस वर्षांत त्यांनी एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. कापलेली पट्टी बोटांमध्ये धरून त्या खिडकीपाशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. मागे काप आपला दर दोन सेकंदांनी आखडत होता.

*

अडुसष्टाव्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. दार आतून लावलं आणि टेबलावर तो कागद ठेवला. प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात होता, चारही बाजूंनी शिवलेला. टाके इतके बारीक की मशीनचे आहेत की हाताचे ते कळू नये.

"त्या जिन्यात भेटल्या मला. आभार मानले माझे. हा दाखवला." डॉक्टरबाईंनी रेघेवर बोट ठेवलं. "मी एवढी वर्षं या रेघा बघतेय. हे पाणी बदलल्याचं आहे."

ताईंनी पाकिटाच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"आणि तारीख कापलीये."

"हो."

"नोंदींना हात लावलात?"

"नाही मॅडम. मूळ नोंद जशीच्या तशी आहे. फक्त छापून दिला."

डॉक्टरबाई बसल्या. त्या रागावल्या असत्या तर ताईंना सोपं गेलं असतं. "मी त्यांच्याकडून उद्यापर्यंत मागून घेतलाय हा. मी सांगू की तुम्ही सांगताय?"

"त्यांना आधार वाटतोय त्याचा, मॅडम. तो काढून घ्यायचा?"

"त्यांनी मला काय विचारलं माहितेय? पंचाहत्तर दिवसांनंतर हे बंद करू नका म्हणतात. ते आत आहेत म्हणतात. त्यांना कळतं म्हणतात." डॉक्टरबाईंनी कागद ताईंकडे सरकवला. "मी बंद करणार आहे. आता बंद केल्यावर त्या काय समजतील? नवऱ्याला आपण मारलं असं. कळतंय का तुम्ही काय करून बसलात ते?"

त्या संध्याकाळी ताईंनी थोरलीला सगळं सांगितलं. थोरली ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "कोर्टात खोटी साक्ष देणारे सगळे वाईट नसत. बरेच जण दयेपोटीच द्यायचे. पण उलटतपासणी झाली की दयाळू माणसाचीच दैना जास्त व्हायची. जा उद्या. आणि रडून वगैरे सांगू नकोस, नाहीतर तिलाच तुझे डोळे पुसावे लागतील."

*

दुकान म्हणजे एक खोली. दाराशी शिलाई मशीन, मागे दोरीवर टांगलेल्या पॅंटींची रांग, प्रत्येकीला टाचणीने चिठ्ठी लावलेली. वहिनी एका कोटाचं अस्तर उसवत होत्या. ताईंना बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि ते ताईंना सगळ्यात जड गेलं.

"बसा ना. कागद आणलात? मी घाबरले, बाईंनी ठेवूनच घेतला तर काय करू."

ताई बसल्या नाहीत. "वहिनी, तो कागद खरा नाही."

वहिनींच्या हातातलं ब्लेड थांबलं.

"म्हणजे रेघ त्याच कापाची आहे. पण त्या दिवसाची नाही. मी पाणी बदललं त्या दिवशीची आहे. त्या वेळी भाऊ जिवंत होते, घरी होते. अकरा चाळीसला काहीही झालं नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"काहीच नाही?"

"नाही. सरळ चालू होतं." ताईंनी पिशवीतून दुसरा कागद काढला. याच्या वरच्या कडेला तारीख आणि वेळ होती. "हा त्या मिनिटाचा."

वहिनींनी कागद घेतला. मशीनच्या पाटीवर पसरला आणि बोट ठेवून एकेक टेकडी बघत गेल्या, कापड तपासतात तशा, दोष कुठे आहे ते शोधत. शेवटपर्यंत गेल्या. पुन्हा सुरुवातीला आल्या.

"तीस आहेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"सगळ्या सारख्या."

"हो."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. एक बाई दारात डोकावली, आतल्या दोघींचे चेहरे बघून परत गेली.

"तेव्हा तसं का सांगितलंत?" वहिनींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "मी काही मागितलं होतं का? मी फक्त विचारलं होतं. नाही म्हणाला असतात तर मी रडले असते आणि घरी गेले असते. गेले दोन आठवडे मी त्यांच्याशी बोलत होते, ताई. सकाळी उठून सांगत होते, आज येते, आज गुरुवार. माझा माणूस एकदा गेला. आज तुम्ही तो दुसऱ्यांदा नेलात."

ताईंना थोरलीचं बोलणं आठवलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि उभ्या राहिल्या.

"ते बंद कधी करणार?"

"पंचाहत्तराव्या दिवशी. शेवटची तपासणी करून."

"करा. काय मोजायचं ते नीट मोजा. आणि मला काही कळवू नका." वहिनींनी खऱ्या कागदाची घडी घातली आणि मशीनच्या खणात टाकली. शिवलेलं पाकीट मात्र ताईंच्या हातात परत दिलं. "हे न्या."

*

पंचाहत्तराव्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आणि ताई दोघीच होत्या. ताईंनी तपासणी सुरू केली. मिनिटाला तीस, मग साठ, मग नव्वद. भाऊंना सांगितलं होतं तसंच झालं. वेग वाढत गेला तसा जोर उतरत गेला. एकशेवीसला टेकड्यांच्या नुसत्या सुरकुत्या उरल्या. ताईंनी सगळे आकडे लिहिले, दोनदा पडताळले. पुन्हा तीसवर आणलं. काप सावरला, दम खाऊन ओढू लागला.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "करा बंद."

ताईंनी झटक्याचं बटण दाबलं. पडद्यावरचा हिरवा ठिपका विझला. झटका नाही म्हणजे आवळणं नाही, इथे तरी नेहमी तसंच व्हायचं. रेघ सपाट झाली. दोन सेकंद, चार, सहा.

मग एक टेकडी आली.

ताईंनी बटणाकडे पाहिलं. बंद होतं. दुसरी टेकडी आली, जरा उशिराने. तिसरी. कुणी सांगत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. काप आपला आपण आवळत होता, तार झुकवत होता. डॉक्टरबाई पुढे झुकल्या. चौथी आणि पाचवी जवळजवळ आल्या. सहावीनंतर इतकी लांब सपाटी आली की ताईंनी पेन खाली ठेवलं, आणि तेव्हा सातवी आली, सगळ्यांत उंच. त्यानंतर काही नाही.

त्या अर्धा तास थांबल्या. काही नाही.

"स्वतःहून," डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या. "होतं असं कधीकधी. आपल्या इथे नव्हतं झालं. लिहा." दारापाशी जाऊन त्या वळल्या. "तुम्ही त्यांना सांगणार का?"

"त्या नको म्हणाल्यात."

डॉक्टरबाई मान हलवून गेल्या. ताईंनी वहीत लिहिलं: झटका बंद केल्यावर उत्स्फूर्त आकुंचनं, सात. अक्षर जरा वाकडं आलं.

त्या सात टेकड्यांनी त्यांचा पिच्छा पुरवला. आधीची भीती निराळी होती, ती खोलीत राहायची. ही घरी येऊ लागली. भांडी घासताना, रस्ता ओलांडताना, मध्येच सहावी आणि सातवीमधली ती लांब सपाटी आठवायची आणि त्या आपोआप थांबायच्या, वाट बघत. जे झालं नव्हतं ते त्यांनी वहिनींना रंगवून रंगवून सांगितलं होतं. आता जे झालं होतं ते सांगायची सोय उरली नव्हती, आणि सांगितलं तरी विश्वास कोण ठेवणार? स्वतःच्या हाताने ते दार त्यांनी लावून घेतलं होतं.

तीन आठवडे त्यांनी कळ काढली. मग एका दुपारी थोरलीचा जुना कोट पिशवीत घालून त्या दुकानात गेल्या. सांगायचं काही नाही, फक्त जायचं, असं ठरवून.

वहिनींनी त्यांना ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. "काय करायचंय?"

"मला मोठा होतोय."

"घाला." वहिनी मागे आल्या. मोजपट्टी एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत धरली. आकडा लिहिला. ताई भिंतीकडे बघत उभ्या होत्या. वहिनी बाही मोजायला वाकल्या, आणि वर न बघता म्हणाल्या, "झालं का ते बंद?"

"झालं."

"हं."

पट्टी मनगटापर्यंत आली आणि तिथेच राहिली. "लगेच झालं?"

"तुम्ही काही कळवू नका म्हणाला होतात."

"आता विचारतेय."

"नाही झालं लगेच. यंत्र बंद केल्यावर सात वेळा आवळलं. स्वतःहून. मग थांबलं."

वहिनी सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी ताईंच्या डोळ्यांत पाहिलं, आणि या वेळी ताईंनी नजर वळवली नाही. "कागद आहे?"

"आहे. डॉक्टरबाईही होत्या तिथे. त्यांना विचारू शकता."

"त्यांना नाही विचारणार. आणि कागद मला ओळखता येतो थोडाच." वहिनींनी पट्टी बोटाभोवती गुंडाळली. "हे खरं आहे की पुन्हा माझी दया आली, ते मला कसं कळायचं?"

"नाही कळायचं," ताई म्हणाल्या. "तो मार्ग मीच बंद केला."

वहिनींनी मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी. त्यांनी पुन्हा मनगटापाशी पट्टी धरली, वहीत आकडा लिहिला, खोडला, पुन्हा मोजलं आणि पुन्हा लिहिला.

"हात खाली सोडा," त्या म्हणाल्या. "ताठ धरलाय तुम्ही. असं माप चुकतं."

ताईंनी हात सोडला.

"सोमवारी या," वहिनी म्हणाल्या, आणि कोटाच्या कॉलरला चिठ्ठी टाचली.